गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत हस्तकलेचे काम: पाच हजारांत खोली कशी लावावी?

रुखवतवाली, लातूर

नमस्कार. गेली सहा वर्षे मी रुखवताच्या वस्तू, दारावरची तोरणे आणि जुन्या साड्यांच्या गोधड्या करून देते. आजवर हे सारे काम बैठकीतल्या दिवाणावर चालत असे. पाहुणे आले की कात्री, मणी, लेस आणि अर्धवट चिकटवलेली सप्तपदीची पावले एका चादरीत गुंडाळून दिवाणाखाली सरकवायची आणि ते गेले की पुन्हा काढायची, असा आमच्याकडचा शिरस्ता होता. आता धाकट्या दिरांनी गच्चीवरची खोली रिकामी करून दिली आहे. ती नऊ फूट बाय अकरा फूट असून भिंती विटांच्या आहेत, वर पत्रा आहे, दार पूर्वेला आणि एकुलती एक खिडकी पश्चिमेला आहे.

माझ्याजवळ पायमशीन, एक लोखंडी कपाट आणि गावाकडच्या वाड्याचा उतरवून आणलेला सागवानी दरवाजा आहे, ज्याचे टेबल करावे असे मनात आहे. हाताशी फक्त पाच हजार रुपये आहेत. त्याखेरीज अकराशे रुपये मी आधीच घालवून बसले, कारण छायाचित्रातली खोली पाहून एकसारखे बारा प्लॅस्टिकचे डबे मागवले आणि आता त्यांत ना लेसचे गुंडाळे बसतात, ना दोऱ्याचे कोन. गेल्या महिन्यात तर उंदरांनी एका रुखवतातल्या डाळींच्या रांगोळीतली हरभऱ्याची डाळ तेवढी वेचून खाल्ली. मुगाला त्यांनी तोंड लावले नाही, पण त्याने माझे काय भले झाले?

उन्हाळ्यात ही खोली वापरता येईल का, सामान कसे लावावे, आणि नमुने पाहायला वर येणाऱ्या बायकांना खोली जरा देखणी दिसावी यासाठी कमी खर्चात काय करता येईल, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे ही विनंती.

वाकळवाली मावशी, परभणी

ताई, डब्यांबद्दल फार वाईट वाटून घेऊ नका. ही चूक मीही केली आहे, फक्त माझे डबे पत्र्याचे होते. डबा सर्वांत शेवटी घ्यायचा असतो. आधी सगळे सामान एका जुन्या सतरंजीवर ओता आणि त्याचे ढीग करा, पण ते रंगाप्रमाणे किंवा वस्तूप्रमाणे करू नका, कामाप्रमाणे करा. तोरणाला जे जे लागते ते एका ढिगात, म्हणजे लोकर, मणी, सुई, कात्री, टिकल्या आणि कडीसुद्धा. गोधडीला लागते ते दुसऱ्या ढिगात आणि रुखवताचे तिसऱ्यात. कात्री तिन्ही ठिकाणी लागत असेल तर तीन कात्र्या ठेवा. साठ-सत्तर रुपयांची कात्री दिवसातून दहा वेळा शोधण्यापेक्षा स्वस्त पडते. मात्र कापडाच्या कात्रीच्या मुठीला लाल चिंधी बांधा आणि तिने पुठ्ठा कापणाऱ्याला, मग तो घरातला कोणीही असो, खोलीत येऊ देऊ नका.

ढीग केल्यावर कळेल की निम्मे सामान 'कधीतरी लागेल' या जातीचे आहे. माझ्याकडे ब्लाउजपीसच्या काठांची एवढी रास निघाली की तिच्या वजनाने मला स्वतःचीच लाज वाटली. वितीपेक्षा लहान असलेले सगळे तुकडे मी एका उशीच्या अभ्र्यात भरले आणि गोधडीच्या आतल्या थरासाठी वेगळे ठेवले. आता ते पडून राहत नाहीत.

दुसरे असे की, आपले काम हंगामाचे आहे. तुळशीचे लग्न लागले की रुखवताची मागणी सुरू होते, आषाढ लागला की ती थांबते आणि मग गोधड्या अन् तोरणे हाती येतात. म्हणून रॅकचा कमरेपासून डोळ्यांपर्यंतचा भाग, जिथे हात न वाकवता पोचतो, तो चालू हंगामाच्या कामाला द्यावा आणि बाकीचे वर-खाली ठेवावे. वर्षातून दोनदा ही अदलाबदल करायला अर्धा दिवस जातो, पण तेवढ्यात झाडलोटही होते आणि उंदराचे बीळ असेल तर तेही सापडते.

डाळ, तांदूळ, सुपारी आणि खोबऱ्याच्या वाट्या मात्र कोणत्याही हंगामात उघड्यावर राहता कामा नयेत. खाद्यतेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे वडापाववाले थोडक्यात देतात. त्यांचे तोंड कापून, कडा आत वळवून आणि गरम पाण्याने राखेने घासून घेतले की वर घट्ट झाकण बसवता येते, आणि पत्र्यापुढे उंदराचे काही चालत नाही. तयार झालेले रुखवत जाईपर्यंत लोखंडी कपाटात ठेवा. तुमच्या बारा डब्यांत मणी, टिकल्या, कुंदन आणि बटणे घाला. ते एवढ्याच कामाचे आहेत.

जुना सुतार, औसा

मावशींनी सामानाचे सांगितले आहे, मी लाकडाचे सांगतो.

वाड्याचा सागवानी दरवाजा बहुधा पटांचा असतो, म्हणजे त्यात खोलगट चौकटी असतात. त्यावर थेट कापड पसरून खडूची रेघ मारता येणार नाही. तीन मिलिमीटर जाडीच्या हार्डबोर्डचा आठ बाय चारचा एक पत्रा घ्या आणि दुकानातच दरवाजाच्या मापाने कापून आणा. दरवाजा साडेसहा फूट बाय पावणेतीन फूट धरला तर आठ फूट लांब आणि सव्वा फूट रुंद अशी एक पट्टी उरते. तिच्या मागे दोन लाकडी पट्ट्या मारून त्यांत तिरके खिळे ठोकले की दोऱ्याची रिळे टांगायला फळा तयार होतो. दरवाजाला मात्र खिळा मारू नका, हार्डबोर्ड दुहेरी चिकटपट्टीने बसवा. नातवंडांच्या वेळी तो दरवाजा पुन्हा दाराला लागला तर आनंदच आहे.

उंची ठरवताना पुस्तकी मापाच्या मागे लागू नका. सरळ उभे राहून कोपर वाकवा आणि कोपराच्या चार-सहा बोटे खाली टेबलाचा पृष्ठभाग येऊ द्या. बहुतेक बायकांना हे माप चौतीस ते छत्तीस इंच येते. शिवणाचे मशीन मात्र बसून चालवायचे असल्यामुळे तीस इंचांच्या आसपासच असते, म्हणून कापायचे आणि शिवायचे टेबल एकच करण्याच्या फंदात पडू नये. कंबर त्यानेच जाते.

रॅक भंगार बाजारातून भोकाभोकांच्या अँगलचा घ्या. सफरचंदाच्या लाकडी पेट्या स्वस्त मिळतात आणि दिसतातही बऱ्या, पण त्यांचे लाकूड कच्चे असते, त्यात भुंगा आणि वाळवी दोन्ही येतात. घ्यायच्याच असतील तर मे महिन्याच्या उन्हात आठवडाभर तापवून मगच खोलीत न्याव्यात.

आता एक गोष्ट मी जरा आग्रहाने सांगणार आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी तरुण होतो आणि त्यानंतर कित्येक महिने आमच्या हाताला दुसरे काम नव्हते. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि माळवदाची जड छपरे झोपलेल्या माणसांवर आली. तेव्हापासून माणसाच्या डोक्याच्या वर जड वस्तू ठेवलेली मला बघवत नाही. तुमचा पत्रा हलका आहे, ते उत्तमच. पण रॅक वरच्या दोन टोकांना एल पट्टी लावून, विटांच्या भिंतीत गिट्टी मारून पक्का करा. मशीनचे सुटे भाग, पुठ्ठ्याचे गठ्ठे आणि इस्त्री तळाच्या फळीवर ठेवा. सर्वांत वर फक्त लोकर आणि कापूस. तळाची फळी जमिनीपासून वीतभर उंच ठेवली की केरसुणी आतपर्यंत जाते.

टेबल खिडकीला असे लावा की उजेड डाव्या हाताकडून येईल, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. डावखुऱ्या असाल तर उलटे.

एक वाचक, नांदेड

उन्हाळ्यासाठी सोपा उपाय आहे. आमच्या गावाकडे पत्र्यावर उसाचे पाचट किंवा तुराट्या टाकतात. खर्च शून्य आणि खोली चांगली गार राहते. खिडकीला आमच्या तांड्यातल्या आजींनी केलेल्या फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, आरसे आणि कवड्या लावलेला जुना काठ मी पडद्याच्या वर झालर म्हणून शिवला आहे. संध्याकाळचे ऊन आले की आरशांचे कवडसे भिंतभर फिरतात, निराळी सजावट करावी लागत नाही.

जुना सुतार, औसा

झालर उत्तम, पण पाचटाला माझा विरोध आहे. शेतातल्या कोठ्यावर ते ठीक आहे. जिथे खाली इस्त्री, ग्लू गन, कापूस आणि लोकर आहे, त्या खोलीच्या डोक्यावर वाळलेले पाचट ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण, शिवाय उंदरांना घर मिळेल ते वेगळेच. त्याऐवजी भाजीपाल्याच्या शेतीला वापरतात ती पंचाहत्तर टक्के सावलीची शेडनेट घ्या आणि पत्र्यापासून फूटभर वर, बांबूला ताणून बांधा. मधून वारा खेळला पाहिजे. जाळी पत्र्यावर नुसती अंथरली तर फारसा उपयोग होत नाही. चुना स्लॅबला चांगला, पत्र्यावर तो धरत नाही आणि वळवाच्या पहिल्या सरीत गच्चीभर वाहतो.

विणकामवेडी, छत्रपती संभाजीनगर

सजावटीबद्दल थोडे. विकत आणलेली चित्रे लावण्यापेक्षा स्वतःचेच काम भिंतीवर येऊ द्यावे, कारण वर येणाऱ्या बायका तेच पाहायला येतात. दाराच्या समोरची भिंत त्यासाठी राखून ठेवा आणि उरलेल्या तीन भिंती पांढऱ्याच असू द्या, म्हणजे कापडाचे रंग खरे दिसतात. माझ्याकडे आजीच्या हिमरू शालीचा विटलेला तुकडा होता, सुती ताणा आणि रेशमी बाणा असलेला. सुतळीने मढवलेल्या पुठ्ठ्यावर मी तो चार टाक्यांनी अडकवला आहे. डिंकाने चिकटवला नाही, कारण डिंक पुढे पिवळा पडतो आणि कापड कायमचे जाते.

तुमची खिडकी पश्चिमेची असल्यामुळे तिला एखाद्या जुन्या नऊवारीचा दुहेरी पडदा हवाच. दुपारनंतरच्या उन्हात रंगीत दोरे विटतात आणि पांढरा क्रोशाचा दोरा पिवळट होतो. म्हणून सुताराकाकांचा रिळांचा फळा खिडकीसमोर न लावता खिडकीच्याच भिंतीवर, बाजूला लावावा.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट, जी मी दोन मखरांची नासाडी करून शिकले. कपाटात गोधड्यांसाठी डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर त्याच कपाटात थर्माकोल ठेवू नये. गोळ्यांच्या वाफेने तो चिकट होऊन खचतो. तसेही सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे नव्या कामाला पुठ्ठाच वापरावा. गोधड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवला तरी भागते, फक्त दर पावसाळ्यानंतर तो बदलावा लागतो. ग्लू गनने केलेल्या वस्तू उन्हाळ्यात पत्र्यालगतच्या फळीवर ठेवू नका. उष्णतेने जोड मऊ पडतात आणि सुपारीचे भटजी आडवे होतात.

रुखवतवाली, लातूर

सर्वांचे मनापासून आभार. सव्वा महिन्यात काय झाले ते सांगते. जुना रॅक चौदाशेला मिळाला, हार्डबोर्ड साडेसहाशेला, शेडनेट, बांबू आणि तार मिळून नऊशे, ट्यूब आणि तिची वायर साडेचारशे, आणि खिडकीची व दाराखालच्या फटीची जाळी एकशे ऐंशी. एकूण ३,५८० रुपये झाले. तेलाचे चार डबे कोपऱ्यावरच्या वडापाववाल्या मामांनी पैसे न घेता दिले, पण ते घासताना माझे दोन दिवस गेले आणि खोलीत अजूनही ढगाळ दिवशी भज्यांचा वास येतो.

मावशी, तुमच्या सांगण्याप्रमाणे ढीग केले तेव्हा अकरा इंची टेप निघाल्या. अकरा! दरवेळी सापडत नाही म्हणून मी नवी आणत होते. तीन ठेवल्या, बाकी जावेच्या आणि नणंदेच्या घरी दिल्या. ऊन आहेच, पण जाळी बांधल्यापासून सकाळी अकरापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर बसता येते; मधल्या वेळेत मी खालीच मणी ओवते.

एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. टेबल मोठे झाल्याच्या आनंदात मी साडेतीन फूट रुंदीचे विठ्ठल मंदिराचे रुखवत त्यावर तयार केले आणि ते जिन्याच्या वळणातून खाली उतरेना. शेवटी गच्चीवरून दोरीने, खाली चार माणसे चादर धरून उभी असताना, ते उतरवावे लागले. पुढच्या वेळी मंदिर दोन भागांत करायचे ठरवले आहे. काका, पुठ्ठ्याचे दोन भाग कार्यालयात नेऊन पटकन जोडता येतील अशी काही युक्ती आहे का?

जुना सुतार, औसा

आहे. दोन्ही भागांच्या मागे, आतल्या बाजूने, सुटी पिन असलेली दोन-दोन इंची बिजागरी लावा. पण स्क्रू नुसत्या पुठ्ठ्यात धरणार नाही, म्हणून आत बोटभर जाडीची लाकडी पट्टी चिकटवून घ्या. कार्यालयात पोचल्यावर दोन्ही भाग एकमेकांना भिडवायचे आणि वरून पिन सोडायची. दोन पिना जास्तीच्या ठेवा. लग्नघरात त्या हरवतातच. आणि या वेळी आधी जिना मोजा.