मतभेद झाले की लगेच भांडणच का होतं? सभ्य राहून वाद कसा घालायचा?

खिडकीतला_वाचक: वाचनाच्या एका ग्रुपमध्ये आहे मी. परवा कोणीतरी लिहिलं की अमुक कादंबरी कंटाळवाणी वाटली. त्यावर एकाने टाकलं, "झेपली नसेल." झालं, तिथून जे सुरू झालं ते दुसऱ्या दिवशीपर्यंत, कादंबरी राहिली बाजूला आणि शेवटी गाडी समोरच्याच्या ऱ्हस्व-दीर्घावर येऊन थांबली. मला स्वतःला ती कादंबरी आवडते, म्हणजे बोलायचं होतं, पण त्या गोंधळात उतरायची इच्छाच झाली नाही. तर प्रश्न असा की आपलं मत न सोडता सभ्य कसं राहायचं? गप्प बसा हा सल्ला नको, ते मी आधीपासून करतोच आहे.

जुना_मेंबर: "झेपली नसेल" हे कादंबरीबद्दल नाहीच ना, माणसाबद्दल आहे. तिथेच घोळ. त्याऐवजी "कुठला भाग कंटाळवाणा वाटला? मला पण मधली प्रकरणं लांबलेली वाटली होती पण शेवटाने भरून काढलं" असं लिहिलं असतं तर मत तेच राहतं आणि समोरच्याला उत्तर द्यायला जागा मिळते. मी तर समोरच्याचं नेमकं वाक्य कॉपी करून वर टाकतो आणि फक्त त्यावरच बोलतो. नाहीतर आपण त्याने न म्हटलेल्या गोष्टीवरच तावातावाने लिहीत बसतो.

आणि हे काही आजचं नाही हं. १९९५ साली इंटरनेटवर कसं वागावं याची एक नियमावली निघाली होती, आरएफसी १८५५ नावाची, त्यातसुद्धा लिहिलंय की भावनेच्या भरात उत्तर पाठवायचं असेल तर रात्रभर थांबा. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, तरी लोक भांडतच होते :)

तिरपी_मात्रा: थोडं असहमत. सभ्य भाषा म्हणजे सभ्यपणा नव्हे. "आदरणीय सर, आपला अभ्यास दांडगा दिसतोय" यात एक शिवी नाही पण वाचणाऱ्याला बरोबर कळतं काय म्हणायचंय ते. मला असल्या गोड टोमण्यांपेक्षा सरळ "हे चूक आहे, कारण असं असं" म्हणणारा परवडतो.

न्यायशास्त्रात (कायदा नव्हे, तर्काचं जुनं भारतीय शास्त्र) चर्चेचे ३ प्रकार सांगितलेत: वाद म्हणजे खरं काय ते शोधायला, जल्प म्हणजे काहीही करून जिंकायला आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजूच मांडायची नाही, नुसतं समोरच्याचं पाडायचं. मी आधी बघते यातलं काय चाललंय. जल्प असेल तर एकदा आपलं म्हणणं कारणासकट लिहून मोकळं व्हायचं. वितंडा असेल तर सरळ विचारते, "बरं, तुमचं मत काय?" बहुतेक वेळा उत्तरच येत नाही.

रात्रपाळी_ॲडमिन: तिरपी_मात्रा, ते विचारणं भारी आहे, ढापतो. मी दोन ग्रुप सांभाळतो, माझा अनुभव म्हणजे चूक दाखवायची तर शक्यतो इनबॉक्समध्ये, चारचौघांत दाखवली की माणूस चूक सोडून इज्जत वाचवायला लागतो. अर्थात चुकीची माहिती पसरत असेल, औषधपाण्याबद्दल वगैरे, तर तिथेच सगळ्यांसमोर सांगायलाच हवं, तिथे भीड ठेवून चालत नाही. आणि लिहिताना समोरच्याला पटवायच्या फंदात पडू नका, तो हट्टाला पेटलेला असतो. न बोलता वाचणारे ढीगभर असतात, त्यांच्यासाठी लिहा, आपोआप सूर खाली येतो.

खिडकीतला_वाचक: हे इनबॉक्सचं डोक्यातच आलं नव्हतं. एक राहिलं, कोणी शुद्धलेखन काढलं की काय करायचं?

तिरपी_मात्रा: "दुरुस्त केलं, धन्यवाद. आता मुद्द्यावर बोलू?" एवढंच. खरंच दुरुस्त करायचं मात्र.

जुना_मेंबर: आणि ती कादंबरी कुठली ते सांगा की राव.