'परिसंस्था सेवा' म्हणायचं, 'योगदान' म्हणायचं की 'देणं'?

टेकडीवाला
मंडळी, एका भाषांतरात अडकलोय. गावातल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोकांसाठी छोटी पुस्तिका आहे, लोक जैवविविधता नोंदवही कशी भरायची वगैरे, आणि सुरुवातीला दोन पानं जैवविविधतेच्या जागतिक कराराबद्दल, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रिअलला जो कुनमिंग-माँट्रिअल आराखडा ठरला त्याबद्दल. त्यात २३ लक्ष्यं आहेत. अकराव्या लक्ष्यात 'नेचर्स काँट्रिब्यूशन्स टू पीपल' (निसर्गाकडून माणसांना जे मिळतं ते) असा शब्दप्रयोग आहे आणि त्याच वाक्यात 'इकोसिस्टिम सर्व्हिसेस'पण येतं. दुसऱ्याला मराठीत 'परिसंस्था सेवा' रूढ आहे, पण मला ते वाचून कसंतरीच होतं. आपल्याकडे सेवा कोण कोणाची करतं? भक्त देवाची, सून सासूची (करायची म्हणे). जंगल आपले पाय चेपत बसलंय असं डोळ्यासमोर येतं. आणि 'योगदान' लिहिलं की शाल-श्रीफळ आलंच. काय लिहू?

शब्दकिडा
पाय चेपणारी सेवा नाहीये ती, जीएसटीमधली सेवा आहे. वस्तू आणि सेवा कर, त्यातली. अर्थशास्त्रवाल्यांचा शब्द. १९९७ मध्ये कोस्टान्झा नावाच्या पर्यावरण-अर्थशास्त्रज्ञाने आणि इतरांनी जगभरच्या परिसंस्थांच्या सेवांची किंमत काढली होती, वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर, त्यावर खूप वादही झाला. मग जगभरच्या परिसंस्थांचा आढावा घेणाऱ्या २००५ च्या मिलेनियम अहवालाने या सेवांची चार खाती पाडली, पुरवठा, नियमन, सांस्कृतिक आणि आधार, तिथून हा शब्द सगळ्या सरकारी कागदांत शिरला.

पण तुम्हाला जे खटकतंय ते बऱ्याच देशांनाही खटकलं होतं. बोलिव्हियाने २०१० मध्ये धरणीमातेच्या हक्कांचा कायदाच केला, आता आईने स्वयंपाक केला त्याला 'सेवा' म्हणून बिल फाडणार का? २०१२ ला आयपीबीईएस स्थापन झाली (हवामानबदलावर शास्त्रीय अहवाल काढणारी आयपीसीसी असते तशी जैवविविधतेची), तिच्या मूळ आराखड्यात एकाच चौकटीत निसर्ग, धरणीमाता, जीवनप्रणाली असे सगळे शब्द शेजारी शेजारी ठेवले, आणि लाभांच्या चौकटीत 'परिसंस्थेच्या वस्तू व सेवा'च्या बरोबरीने 'निसर्गाच्या भेटी'. 'काँट्रिब्यूशन्स' नंतर आलं. आणि गंमत म्हणजे माँट्रिअलच्या आराखड्यातच लिहिलंय की निसर्ग म्हणजे वेगवेगळ्या लोकांसाठी वेगवेगळं असतं. म्हणजे तुम्हाला मोकळीक आहे, आपल्या लोकांचा शब्द वापरा की.

टेकडीवाला
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. मग 'देणगी'?

मिरची_ठेचा
देणगी म्हटलं की पावतीपुस्तक आठवतं हो. वर्गणी, देणगी, गणपती मंडळ.

टेकडीवाला
हिंदी पुस्तिकेत 'प्रकृति' आहे सगळीकडे.

मिरची_ठेचा
ते मराठीत आणू नका, 'लोकांचं प्रकृतीशी नातं' वाचून आमचे आजोबा बीपीच्या गोळ्या शोधतील.

येणं_देणं
देणं. सरळ 'निसर्गाचं देणं' लिहा.

का ते सांगते. मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्यांत काम केलं, तिथे देणं म्हणजे कर्ज, दुसऱ्याचे आपल्याकडे निघतात ते पैसे, येणं-देणं मधलं देणं. पण तोच शब्द आपण गळा चांगला असला तर 'देवाचं देणं आहे' असाही वापरतो, तिथे तो मिळालेल्या गोष्टीचा आहे. आणि 'आपण समाजाचं काही देणं लागतो' म्हणतो तेव्हा परत फेडायचा. म्हणजे 'निसर्गाचं देणं' या दोन शब्दांत निसर्गाने दिलेलंही आलं आणि निसर्गाला द्यायचं राहिलेलंही आलं. काँट्रिब्यूशनमध्ये ही दुसरी बाजू नाही, सेवेत तर नाहीच, सेवा घेतली बिल भरलं विषय संपला. पुस्तिका वाचणाऱ्याला समजावून सांगायलाही नको, तो आपोआप दोन्ही वाचतो.

शब्दकिडा
सुंदर आहे पण एक अडचण. आयपीबीईएसच्या व्याख्येत काँट्रिब्यूशन्स वाईटही असतात. रोगराई, पिकाची नासाडी, सगळं त्यात धरलंय. रानडुकरांनी भुईमूग उकरला तर ते 'देणं' कसं म्हणणार?

मिरची_ठेचा
योगदान तरी म्हणाल का 😀 'आमच्या शेतात डुकरांनी मोलाचं योगदान दिलं'

येणं_देणं
खरंय, तिथे अडतं. आमची आजी ज्वारीच्या वेळी 'पाखरांचा वाटा' म्हणायची, तो जायचाच हे धरून चालायचं. पण डुकरं आख्खं वावर साफ करतात त्याला वाटा म्हणणं म्हणजे शेतकऱ्याची चेष्टा. तिथे 'उपद्रव' लिहा, सगळं एका शब्दात कोंबायलाच पाहिजे असं कुठे आहे.

खाडीपलीकडे
उशिरा आलो. रत्नागिरीकडचा. देणं मला आवडलं पण आमच्याकडचा एक शब्द टाकून ठेवतो, राखण. देवरहाटी (तुम्ही घाटावर देवराई म्हणता ती) तिथली वाळकी काटकीसुद्धा लोक घरी नेत नाहीत, कारण तिथे राखणदार आहे. आता राखण म्हणजे सांभाळणं, शेताची राखण करतो तसं. पण वर्षातून एकदा राखणदाराला कोंबडा वगैरे देतात, त्यालाही राखणच म्हणतात. म्हणजे सांभाळतो तो, त्याला द्यायचं ते, दोन्हीला शब्द एकच. तुमच्या देण्यासारखंच झालं की. तुम्ही पुस्तिकेत कॉन्झर्वेशनला काय लिहिलंय?

टेकडीवाला
'संवर्धन'. कुठे कुठे 'संरक्षण'.

खाडीपलीकडे
संवर्धन म्हणजे वाढवणं ना? शेळी-मेंढी संवर्धन, मत्स्यसंवर्धन. आमच्या रहाटीत कुणी काही वाढवत नाही, नुसतं हात लावत नाहीत. आणि संरक्षण म्हटलं की फॉरेस्टवाला काठी घेऊन उभा. त्या तिसऱ्या लक्ष्यात २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र राखायचंय ना, तिथे 'राखणे' बसतंच की. 'राखीव' मात्र नको, राखीव जंगल म्हणजे गावाने आत पाऊल टाकायचं नाही असा त्या शब्दाचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे. एकाच धातूचे दोन शब्द, एक गावाचा आणि एक सरकारचा.

शब्दकिडा
'राखणे' आणि 'राखीव' हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. वहीत टिपलं.

टेकडीवाला
तर आत्ता असं केलंय. अकराव्या लक्ष्याला 'निसर्गाचं देणं', पहिल्यांदा येतं तिथे कंसात 'परिसंस्था सेवा', म्हणजे सरकारी कागद वाचताना समितीला ओळख पटेल. तिसऱ्याला 'राखणे'. नुकसानीला 'उपद्रव'. अनेकवचनी 'निसर्गाची देणी' केलं होतं, ते कसं वाटतंय?

येणं_देणं
नको नको. देणी फक्त थकतात.