लग्नपत्रिकेवरचा बारीक वळणदार फॉन्ट: नावापुरता का सगळीकडं?

गंगाखेडकर:
लग्नसराई लागली की घरात पत्रिकांचा ढीग पडायलाय आन् निम्म्या पत्रिका त्या नाजूक हस्ताक्षरी फॉन्टमधल्या. माझं म्हणणं, हा फॉन्ट नवरानवरीच्या नावाला ठेवा, बाकी मुहूर्त, गाव, कार्यालय सगळं साध्या अक्षरात पाहिजे. आमच्या गावाचंच नाव घ्या. ख चे दोन भाग खालून जुळलेच नाहीत तर गंगाखेडचं गंगारवेड होतं. घ आणि ध, भ आणि म, यांच्यात फरक कशानं, तर एकाची शिरोरेषा सलग आन् दुसऱ्याची तुटलेली, ती रेषाच लहरत चालली तर म्हाताऱ्या माणसानं काय ओळखावं? १ आणि ९ तर विचारूच नका.

परभणी_डिझाईन:
दादा, फॉन्टवर कामून राग? पत्रिका हातात घेतली की कुणीतरी मायेनं लिहून बोलावलंय असं वाटलं पाहिजे, ते ठोकळेबाज अक्षरात येत नाही. खराब काढलेला फॉन्ट वेगळा आन् चांगला वेगळा. कलम फॉन्ट बघा, फुकट मिळतो, हस्ताक्षराचाच आहे, लाइट, रेग्युलर, बोल्ड तिन्ही वजनं आहेत, पत्तासुद्धा नीट वाचता येतो. कवितासंग्रहाचं कव्हर, साडीच्या दुकानाची पिशवी, अत्तराचं लेबल, अशा ठिकाणी नाजूक अक्षरच शोभतं.

जालना_प्रेस:
कलमचं सोडा भाऊ, तो काही नाजूक म्हणता येणार नाही. गिऱ्हाईक मागतं ते एकदम बारीक रेघेचं, आन् बघतं कॉम्प्युटरवर झूम करून. छापताना खरी गोष्ट कळते. स्क्रीन प्रिंटिंगला ती रेघ जाळीतून नीट उतरत नाही, मधेच तुटते. मरून बॅकग्राउंडवर पांढरी अक्षरं सोडली तर आजूबाजूची शाई पसरून रेघ बुजते. त्यात कोरलमध्ये, म्हणजे पत्रिका जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, अक्षरातलं अंतर वाढवा म्हणतात, वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे. सगळा मजकूर त्यात छापायला मी तरी नाहीच म्हणतो.

देवगिरी_मोडी:
मला दोघांचंही पटलं नाही. मूळ दुखणं हे की यातले बरेच फॉन्ट इंग्रजी कर्सिव्हची नक्कल करायलेत. त्यांची जाड-बारीक रेघ टोकदार निबवर दाब देऊन येते, आपली येते तिरक्या कापलेल्या बोरूच्या कोनातून. दाबाची रेघ देवनागरीवर लादली की अक्षर उपरं दिसतं. धावतं अक्षर पाहिजे तर आपली जुनी मोडी लिपी आहे की! आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आन् मग हात न उचलता लिहीत जायचं. परंपरेनं ती देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर सांगतात, म्हणजे आपल्याच भागातली. २०१४ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीतही आहे.

परभणी_डिझाईन:
मोडी सुंदरच, पण पत्रिका मोडीत छापली तर वाचणार कोण? तिचं वळण देवनागरीत आणता येतं, सुलेखनकार अच्युत पालवांनी मोडीचा अभ्यास करून तसं काम केलंय. म्हणजे नाजूक अक्षराला आपला रस्ता आहे, त्याला नावापुरतं कोंडू नका.

गंगाखेडकर:
असा फॉन्ट आला तर मी पहिला घेईन. तोवर कार्यालयाचा पत्ता साधाच राहू द्या, पाव्हणे बसस्टँडवर उतरून ती पत्रिका रिक्षावाल्याला दाखवतात.

जालना_प्रेस:
पत्रिका द्यायच्या आधी एवढं करा: श्रद्धा, ज्ञानेश्वर, लक्ष्मण, गंगाखेड आन् १९ हा आकडा, पत्रिकेच्याच साइजमध्ये, त्याच कागदावर प्रूफ काढून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचायला द्या. अडखळले तर नाव सोडून बाकी सगळं बोल्डमध्ये घेऊ.