मदत हवी आहे: नक्शीदिल सुलतानच्या मूळ घराण्याविषयी

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनकट्ट्यावर मला उस्मानी (ऑटोमन तुर्की) सुलतानांच्या जनानखान्यातल्या स्त्रियांवर बोलायचं आहे. बाकी तयारी झाली, पण सुलतान दुसऱ्या महमूदची आई नक्शीदिल हिच्यापाशी गाडी अडली आहे.

एमे द्यु ब्यूक द रिव्हेरी ही कॅरिबियनमधल्या मार्टिनिक या फ्रेंच बेटावरची मुलगी, नेपोलियनच्या जोसेफिनची दूरची नातलग. फ्रान्समधल्या कॉन्व्हेंटमधून घरी परतताना १७८८ च्या सुमारास तिचं जहाज बेपत्ता झालं. पुढची सगळी दंतकथा: चाच्यांनी तिला धरलं, अल्जीर्सच्या सत्ताधीशाने सुलतान पहिल्या अब्दुल हमीदला नजर केलं, आणि तीच नक्शीदिल, दुसऱ्या महमूदची आई. १८१७ मध्ये तिच्या अखेरच्या घटकेला राजवाड्यात गुपचूप कॅथलिक पाद्री आणला म्हणे!

पण महमूदचा जन्म २० जुलै १७८५ चा. जहाज नाहीसं होण्याच्या तीन वर्षं आधीचा! मग हे जुळणार कसं? इतिहासकार तिला कॉकेशसकडची, बहुधा जॉर्जियन मानतात, आणि मला तेच पटतं.

तरीही लोक फ्रेंच आईचीच गोष्ट सांगतात, याचा मला मनापासून राग येतो. महमूदने १८२६ मध्ये जानिसारी ही सुलतानांची जुनी खडी फौज मोडून काढली, युरोपच्या धर्तीवर सुधारणा केल्या, त्याचं श्रेयही तिच्या फ्रेंच संस्कारांना देऊन मोकळे होतात. गुलाम म्हणून आणलेल्या मुलींची नावं बदलली जात, माहेरची नोंद सहसा राहत नसे. तिथे मग कुणीही एखादं बडं घराणं आणून बसवतं. सोळाव्या शतकातल्या नूरबानूचं, म्हणजे सुलतान दुसऱ्या सेलीमच्या बायकोचंही तसंच. कुणी तिला पारोस बेटावरून १५३७ मध्ये पळवलेली व्हेनिसच्या सरदार घराण्यातली सेसिलिया म्हणतं, कुणी कॉर्फूची ग्रीक मुलगी. मात्र तिचा व्हेनिसशी पत्रव्यवहार खरोखर होता, त्यामुळे तिथे मी ठाम बोलू शकत नाही.

नक्शीदिलची फ्रेंच गोष्ट पहिल्यांदा कधी आणि कुठे छापली गेली, हे कुणी सांगू शकेल का? १८६७ मध्ये महमूदचा मुलगा सुलतान अब्दुल अझीझ पॅरिसला गेला होता, त्या भेटीशी तिचा काही संबंध आहे का? शिवाय इस्तंबूलला जाऊन आलेल्या कुणाकडे फातिह मशिदीजवळच्या तिच्या कबरीचे, शेजारच्या पाणपोईचे फोटो असतील तर कृपया इथे टाका. त्यांवरचे लेख वाचता येणारं कुणी असेल तर फारच उत्तम. संदर्भ इंग्रजीत असले तरी चालतील.