उत्तर: ताठ रेणू घेऊनही पोकळी का मिळत नाही

वायू शिरू शकेल अशा सूक्ष्म पोकळ्या (सच्छिद्रता) असलेले सेंद्रिय पदार्थ बनवण्याबद्दल एक दावा असा, की 'रेणू ताठ असला की सच्छिद्रता आपोआप येते.' तेवढ्यानं भागत नाही. पत्रावळीही ताठच, पण एकावर एक चपखल बसतात. निपाणीकडं कुंपणाला बाभळीच्या फांद्या टाकतात, त्या कितीही दाबा, मधे फटी राहतातच. रेणूचा आकार तसा हवा. म्हणून पायरीनसारखा सपाट सांगाडा एकटा घेऊ नका, ट्रिप्टिसीन किंवा स्पायरोबायइंडेन असे सपाट नसलेले, वेडेवाकडे सांगाडे घ्या. बड आणि मॅककोन या रसायनशास्त्रज्ञांच्या पिम-१ या सच्छिद्र बहुवारिकात (२००४) साखळीला पीळ बसतो तो स्पायरोबायइंडेनमधल्या स्पायरो कार्बनमुळं, म्हणजे दोन कड्यांत सामाईक असलेल्या एकाच कार्बनमुळं.

सुरुवातीला इमाइन पिंजरा सोपा, म्हणजे अल्डिहाइड आणि अमाइन जुळून बनलेला आतून पोकळ रेणू. सीसी३ या अशाच एका पिंजऱ्यासाठी चार ट्रायफॉर्मिलबेंझिनला सहा डायअमाइन लागतात, म्हणजे १ ग्रॅम १,३,५-ट्रायफॉर्मिलबेंझिनला साधारण १.०६ ग्रॅम (आर,आर)-१,२-सायक्लोहेक्झेनडायअमाइन. डायक्लोरोमिथेन या द्रावकात उत्प्रेरक म्हणून ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लाचे एकदोन थेंब, दोन्ही घटकांचे थर न ढवळता हळूच मिसळू द्या, काही दिवस हलवू नका. घाईनं एकत्र ओतलं की अर्धवट जुळलेला गाळ खाली बसतो.

बेळगावच्या पावसाळ्यात डायअमाइनची बाटली उघडी ठेवू नका. हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून वजनच खोटं ठरतं, मग प्रमाण चुकलं की पिंजरा अपुरा.

स्फटिक वाळवताना घात होतो तो वेगळाच. द्रावक झटकन उडवला तर पृष्ठताणामुळं नाजूक चौकटी कोसळतात. आधी पेंटेनसारखा कमी पृष्ठताणाचा द्रावक बदलून घ्या, मगच निर्वात, तापमान हळूहळू चढवत. पोकळी किती ते दाखवणारं नायट्रोजन शोषण त्यानंतर मोजा. आधी मोजलेला आकडा बहुतेक वेळा पोकळीत अडकलेल्या द्रावकामुळं चुकतो.