कांद्यातलं 'पिष्टमय' काय? कर्बोदके, अन्नसाठा की चीक?

सिन्नरची लेक: कांद्यावरच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. पातीत तयार झालेलं कार्बोहायड्रेट गड्ड्यात साठतं असं वाक्य आहे, मी लिहिलं 'पिष्टमय पदार्थ', शाळेत तेच शिकलो ना. वडिलांना वाचून दाखवलं, जन्मभर लासलगावला कांदा नेलाय त्यांनी, तर म्हणाले कांद्यात पीठ कुठनं आलं? चुलीत भाजला की गोड लागतो, बटाट्यासारखा पिठूळ लागतो का? आता काय लिहू?

शाळामास्तर: वडील बरोबर आहेत. कांद्यात स्टार्च जवळपास नसतोच, तो साखरा आणि फ्रुक्टान, म्हणजे फ्रुक्टोज साखरेच्या जोडलेल्या साखळ्या, साठवतो. बटाट्याच्या कापावर आयोडीन टाका, निळंकाळं होतं. कांद्याच्या पापुद्र्यावर टाका, पिवळट तपकिरीच राहतं. पिष्टमय फक्त स्टार्चला ठेवा, सगळ्या गटाला कर्बोदके.

ओझरकर: कर्बोदके कोण बोलतं? उदक म्हटल्यावर माणूस पाणीच समजणार. सरळ कार्बोहायड्रेट लिहा.

शाळामास्तर: हायड्रेट म्हणजे तरी काय, पाणीच की. सूत्रात हायड्रोजन आणि ऑक्सिजन बऱ्याचदा २:१ असतात, पाण्यासारखे, म्हणून ते नाव पडलं, आत वेगळं पाणी नसतं. आणि माती परीक्षणात 'सेंद्रिय कर्ब' वाचणाऱ्या शेतकऱ्याला कर्ब परका नाही.

पिंपळगावची बाग: आम्ही द्राक्षवाले 'अन्नसाठा' म्हणतो आणि सगळ्यांना कळतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पानं जे अन्न करतात ते काडीत, खोडात, मुळांत स्टार्च होऊन बसतं, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर नवी पानं कामाला लागेपर्यंत वेल त्यावरच निघते. मण्यात पाणी उतरलं की साखर भरायला लागते, १८ ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) दिसलं की तोडणीचं बोलायचं. छाटणीच्या नावातली गोडी ही तीच असणार असं मला वाटतं.

देवळालीची काकू: स्टार्चला आपला शब्द आहे, चीक! कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून वाटून गाळला की खाली बसतो तो. शेतातसुद्धा दाणा आधी दुधात येतो मग चिकात. आणि पीठ हा शब्द पिष्टावरूनच आलाय, म्हणून वडिलांना पिष्टमय ऐकून पीठ आठवलं ते भाषेच्या अंगानंही खरंच.

ओझरकर: चीक उंबराचाही असतो, रुईचाही, आणि नुकत्या व्यालेल्या गाईचाही. पत्रकात कुठला समजायचा?

देवळालीची काकू: कुरडई करणाऱ्या बाईला कधी घोटाळा होत नाही. संदर्भानं कळतं.

निफाडचा गडी: चिकावरून हुरडा आठवला. ज्वारी चिकात असताना गोड लागते कारण साखरेचा स्टार्च अजून पुरता झालेला नसतो, चार दिवस उशीर केला की गोडी गेली.

सिन्नरची लेक: आत्ता असं लिहिलंय, 'माना पडेपर्यंत, म्हणजे पात आडवी होईपर्यंत, पातीतलं अन्न गड्ड्यात उतरतं.' वडील म्हणतात नुसतं 'कांदा पोसतो' लिही. पण पुढं आहे की फ्रुक्टान आपल्या लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि काहींना गॅस होतो. तिथं अन्न म्हणू की कर्बोदके?

शाळामास्तर: तिथं कर्बोदकेच.

ओझरकर: तिथंही कार्बोहायड्रेट.

देवळालीची काकू: निफाडकर, हुरडा पुढं गेला की आम्ही निबर म्हणतो, तुमच्याकडे जून म्हणतात का?