रोटरी कटरने कापलेल्या पट्ट्या मधोमध का वाकतात?

सुईदोरा:
भाचीच्या बाळासाठी नऊ चौकोनांच्या ब्लॉकचे (नऊ तुकडे जोडून केलेल्या मोठ्या चौकोनांचे) दुपटे करायला घेतले आहे. कापड ४४ इंच पन्ह्याचे सुती पॉपलीन असून ते धुऊन, इस्त्री करून घेतले आहे. कटर ४५ मिलिमीटरच्या गोल, फिरत्या पात्याचा आहे आणि मोजपट्टी ६ बाय २४ इंचांची, ॲक्रिलिकची आहे. काठाला काठ लावून कापडाची घडी घालते आणि अडीच इंचांच्या पट्ट्या कापते. पहिल्या दोन पट्ट्या सरळ येतात, पण चौथी-पाचवी उघडून पाहिली की घडीच्या जागी ती कोपरासारखी वाकलेली दिसते. शिवाय शिवलेला ब्लॉक साडेसहा इंचांचा यायला हवा, तो सव्वासहाच भरतो. पाते कालच बदलले आहे. मग माझे चुकते कुठे?

उभाधागा:
पट्टी वाकण्याचे कारण घडीत आहे. कापण्याची रेघ घडीला काटकोनात नसेल, तर घडीच्या एका बाजूला जेवढा तिरकेपणा येतो तेवढाच दुसऱ्या बाजूलाही उलट दिशेने येतो आणि पट्टी उघडल्यावर मधोमध कोन दिसतो. धुतल्यावर पॉपलीन थोडे तिरके ओढले जाते, त्यामुळे दुकानात कापलेल्या कडा एकमेकींशी जुळवून घडी घातली की ती हमखास फसते. त्याऐवजी दोन्ही काठ हातात धरून कापड समोर लोंबते ठेवावे आणि घडीजवळच्या तिरक्या सुरकुत्या नाहीशा होईपर्यंत एक काठ बाजूला सरकवत राहावे. तसे करताना कापलेल्या कडा खालीवर झाल्या तरी चालेल, कारण त्या नंतर छाटायच्याच आहेत. मग मोजपट्टीवरची आडवी रेघ घडीवर तंतोतंत बसवून पहिली कडा छाटावी. प्रत्येक कापाबरोबर केसाएवढा फरक साठत जातो, म्हणून दर तीन-चार पट्ट्यांनंतर हा काटकोन पुन्हा तपासावा लागतो. आपल्या पहिल्या दोन पट्ट्या सरळ येतात आणि पुढच्या बिघडतात, त्याचे कारण मला हेच दिसते.

आजीचीगोधडी:
वरील उत्तराशी सहमत आहे. त्याला हाताची एक गोष्ट जोडते. चोवीस इंचांची मोजपट्टी एका जागी दाबून धरली की तिचे दूरचे टोक कटरच्या रेट्याने हळूच बाहेर सरकते. म्हणून कटर हाताच्या पुढे गेला की तो तिथेच टेकवून थांबावे, डावा हात कोळ्यासारखा बोटाबोटाने वर न्यावा आणि मगच पुढे कापावे. करंगळी मोजपट्टीच्या बाहेरच्या कडेला टेकवली तर पकड आणखी पक्की होते, मात्र कापायच्या कडेपासून सगळी बोटे दूर हवीत. पाते नेहमी अंगापासून पुढे ढकलावे आणि प्रत्येक कापानंतर त्याचे झाकण लावावे. माझ्या अंगठ्यावरची खूण एका विसरभोळ्या दुपारची आहे. मोजमाप मोजपट्टीवरच करावे. कधी कापडाखालच्या मॅटच्या रेघा, कधी मोजपट्टीच्या, असे करू नये, कारण दोन्हींच्या रेघा एकमेकींशी जुळतीलच असे नाही. कापड लिबलिबीत वाटत असेल तर कापण्यापूर्वी त्याला खळ द्यावी. आमच्या आजीच्या गोधडीला यातले काहीच लागत नसे, कारण जुनेर लुगडी एकावर एक पसरून धावदोरा घातला की काम होई. पण तिथे नऊ चौकोनांचे कोपरे जुळवायचे नसत.

मायाधरा:
ब्लॉक लहान येण्याचा दोष मात्र मी कटरला देणार नाही. अडीच इंचांचे तीन चौकोन एका ओळीत जोडताना दोन शिलाया येतात आणि प्रत्येक शिलाई दोन्ही बाजूंचे कापड घेते, म्हणजे एकूण चार कडा आत जातात. प्रत्येक कडेला पाव इंच माया (शिलाईच्या बाहेर राहणारे कापड) घेतली, तर साडेसात इंचांतून एक इंच जाऊन साडेसहा उरतात. माया कडेमागे एक सोळांश इंच जास्त गेली की चार सोळांश, म्हणजे बरोबर पाव इंच कमी होतो. आपला सव्वासहाचा आकडा तिथूनच आलेला दिसतो. शिवाय इस्त्रीने माया एका बाजूला वळवली की घडीच्या जाडीत थोडे कापड जातेच, त्यामुळे माया पाव इंचापेक्षा किंचित कमीच हवी. पडताळा असा घ्यावा: अडीच इंचांच्या तीन पट्ट्या जोडून इस्त्री करावी आणि मधली पट्टी मोजावी. ती बरोबर २ इंच भरली तर शिलाई योग्य आहे.

सुईदोरा:
सर्वांचे आभार. मधली पट्टी मोजली तर ती पावणेदोनच्या पुढे, पण दोनला पोचत नव्हती. जवळून पाहिले तेव्हा एक आणि १५ सोळांशांपेक्षाही कमी, बरोबर एक आणि सात अष्टमांश इंच निघाली. मशीनच्या पत्र्यावर खूण म्हणून चिकटवलेला टेप सुईच्या दिशेने जरा सरकवला आणि तिसऱ्या प्रयत्नात मधली पट्टी २ इंच भरली. घडीही लोंबती धरून नव्याने घातली, तेव्हा काठांजवळच्या कापलेल्या कडा जवळजवळ बोटभर खालीवर झाल्या, म्हणजे कापड तेवढे तिरके होते. सहाव्या पट्टीपर्यंत कोन आलेला नाही. शिवून झालेले चार ब्लॉक उसवून पुन्हा शिवायला घेतले आहेत.